आधारापुरते

लग्नाच्या पंगतीत अननसाचा शिरा पानात पडतो, तेव्हा हे फळ परदेशचे असेल अशी शंकासुद्धा कुणाला येत नाही. कोलंबसाला ते १४९३ साली वेस्ट इंडीजमधल्या ग्वादलूप बेटावर दिसले. पुढे पोर्तुगीजांनी ते आपल्याकडे आणले, आणि ब्राझीलच्या मूळ रहिवाशांनी दिलेले नावही त्याचे बोट धरून आले.

या अननसाचे गोत मोठे. ब्रोमेलिया कुळात तीन हजारांवर जाती आहेत आणि आफ्रिकेतली एक सोडली तर साऱ्या अमेरिका खंडातल्या. अँडीज पर्वतावरची पुया रायमोंडी कित्येक दशके वाट पाहून एकदाच फुलते आणि तो सोहळा आटोपला की मरते. पुष्कळ जाती तर मातीला पायच लावत नाहीत. झाडाच्या फांदीवर बसायचे आणि पाऊस, धुके, धूळ यांवर भागवायचे! पानांवरचे बारीक खवले पाणी शोषून घेतात. काहींच्या पानांचा बुडाशी पेला होतो. त्यातल्या पाण्यात बेडकांची पिले वाढतात. जमैकातली एक खेकडी तर पिलांसाठी त्यातला पालापाचोळाही काढून टाकते.

माणसानेही यांचा उपयोग केला. अमेरिकेच्या दक्षिण भागात ओक वृक्षांवर जटांसारखे लोंबणारे ‘स्पॅनिश मॉस’ ना स्पेनचे, ना शेवाळ. ते अननसाचे भाऊबंद. त्याच्या वाळक्या तंतूंनी तिकडे गाद्या भरीत. फिलिपाईन्समध्ये अननसाच्या पानांच्या धाग्यांचे तलम कापड विणतात.

हे वर्गात सांगत असता एका मुलाने विचारले, “सर, म्हणजे ही बांडगुळेच ना?”

नव्हेत. बांडगूळ फांदीत मूळ घुसवून रस ओढते. ही मंडळी फांदीला नुसती धरून असतात. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी कुळाने निराळी, पण राहते अशीच.

त्या प्रश्नाने मला आत्या आठवली. ती विधवा होऊन आमच्या घरी आली. माजघराचा एक कोपरा आणि दोन वेळचे जेवण, एवढेच तिने घेतले. आम्ही चार भावंडे तिच्या हाताखाली वाढलो. एका दिवाळीत कुणी आप्त हसत हसत तिला बांडगूळ म्हणाले. ती काही बोलली नाही; चकल्यांचा सोऱ्या फिरवीत राहिली.

मी फळ्यावर दोन मुळे काढली : एक फांदीत शिरलेले, एक फांदीला धरून राहिलेले. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली.