दोन वाद्यांचा तहनामा

कृष्णा आणि कोयना कऱ्हाडास समोरासमोर भेटून एका प्रवाहाने पूर्वेस वळतात, हे निसर्गाचे औदार्य; आमच्या घरी मात्र सतार आणि तबला यांना एकाच दिवसात नांदविण्यासाठी मला रीतसर तहनामा करावा लागला. पहाटे, भाकऱ्या थापून होईतो, मिरजेहून आणलेली सतार. दिवेलागणीनंतर, आईचा जप आटोपल्यावर, तबला. आज चिरंजीवांनी कलम मोडले: सतारीची तार तुटताच तबला-डग्गा ओढून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच तीनतालाचा ठेका धरला. रागवावे, तोच ध्यानी आले, की भाकरी थापणारे हिचे हात नकळत समेवर पडत होते. मिरजेस शिकून १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी संगीत सामान्य गृहस्थाच्या दारी आणले. आमच्याकडे ते, तहनामा धुडकावून, थेट चुलीपाशी पोहोचले.