ट्रॅक्टर यायच्या आत

मियामीत राहतो असं सांगितलं की मुंबईतली गँग लगेच डोळे मिचकावते. बीच, बिकिनी, बियर! माझ्या वाट्याला बीच येतो तो शनिवारी उजाडताना. कानांना हेडफोन, हातात मेटल डिटेक्टर आणि मनात एकच धाकधूक, ट्रॅक्टर कुठवर आलाय?

हा ट्रॅक्टर बीच साफ करणारं यंत्र ओढतो. यंत्रांच्या मुख्य जाती दोन. एकीत फिरत्या पट्ट्यावर स्टीलचे लवचिक दाते असतात. ते वाळू अक्षरशः विंचरतात आणि कचरा वर उचलतात. दुसरी म्हणजे आईची पिठाची चाळणीच, फक्त ट्रॅक्टरला जोडलेली. दात्यांमधून अंगठी निसटू शकते. चाळणीत ती अडकणार की गळणार, हे भोकं ठरवतात.

आमच्या छंदातले निम्मे लोक या यंत्राला शिव्या घालतात. मला ते अर्धसत्य वाटतं. बाटल्यांची बुचं, चॉकलेटची चांदी, हा सगळा टाइमपास यंत्र उचलून नेतं हे उपकारच. कारण डिटेक्टरला कॅनची चावी आणि सोन्याची अंगठी बऱ्याचदा सारखीच ऐकू येते. पण दात्यांनी एखादा कॅन फाडला, तर एकाचे वीस तुकडे होतात आणि वीस वेळा वाकायचं काम माझ्या कमरेला!

खरी गंमत सोन्याची. शुद्ध सोन्याची घनता 19.3, वाळूतल्या क्वार्ट्झची 2.65. वाळू हलली की जड वस्तू खाली सरकते. म्हणजे यंत्र वरचा थर ढवळतं तेव्हा अंगठी खोल जाऊ शकते, पुढे फरफटत जाऊ शकते, किंवा सरळ कचऱ्यात. नक्की काय झालं, हे यंत्र कुणाला सांगत नाही.

त्यात आमच्याकडे कासवं. मार्च ते ऑक्टोबर हा फ्लोरिडात त्यांचा अंडी घालायचा सीझन. सकाळी परवानाधारक माणसं घरटी शोधून खुणा करतात, तोवर ट्रॅक्टरने थांबायचं. नंतरही दाते दोन इंचांपेक्षा खोल घालायचे नाहीत. त्यामुळे या महिन्यांत मला थोडा जास्त वेळ मिळतो. कासवांचे आभार! उलट 2011 पासून सार्गासम शेवाळाचे लोंढे वारंवार यायला लागले आणि ट्रॅक्टरचं काम वाढलं.

गेल्या मे महिन्यात एका मित्राचा रात्री फोन आला. नाशिकहून आलेलं त्याच्या ओळखीचं नवं जोडपं, सनस्क्रीन लावताना तिच्या बोटातली अंगठी गेली. आजेसासूबाईंनी स्वतःच्या बोटातली काढून दिलेली. विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं.

सकाळी तिघं किनाऱ्यावर. त्यांनी छत्रीची जागा दाखवली, मी पट्ट्या पाडून शोधायला लागलो. सतरा बुचं, एक खेळण्यातली मोटार, पंचाहत्तर सेंट. कासववाल्यांचं काम आटोपलं आणि ट्रॅक्टर सुरू झाला. ड्रायव्हरला विनंती केली, तर भला माणूस आमची पट्टी सगळ्यात शेवटी घ्यायला तयार झाला. ती मात्र माझ्याशी एक शब्द बोलली नाही. नुसती चाकांकडे बघत होती. ट्रॅक्टर गेला. मी त्याच्या मागोमाग डिटेक्टर फिरवला, पन्नास फूट पुढे, पन्नास फूट मागे. काही नाही.

त्यानंतर सलग चार शनिवार मी तिथेच गेलो. छत्रीच्या जागेवर कमी, ट्रॅक्टर जिथे वळतो तिथे जास्त. दात्यांत अडकून आलेल्या वस्तू तिथे गळून पडतात, असा माझा आपला अनुभव. बायको म्हणते, ऑफिसमध्ये एवढी चिकाटी दाखवलीस तर प्रमोशन मिळेल.

पाचव्या शनिवारी हेडफोनमध्ये गोड आवाज आला. सोनं! आतल्या बाजूला तारीख कोरलेली, इंग्रजी अक्षरं. सापडलेली वस्तू पोलिसांना कळवायची असा इथला कायदा आहे, तसं कळवलं. त्याआधी एक फोटो मात्र नाशिकला पाठवला.

‘ही नाही,’ मिनिटभरात उत्तर. मग बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत राहिलं.

‘पण हिची मालकीण सापडली तर मला कळवाल?’