वेळूची निवड

पन्नाशी उलटली की मनुष्यास झाडे लावण्याची हौस येते. नेरूळच्या आमच्या घरामागे एक चिंचोळी पट्टी आहे. तिथून पूर्वी पारसिकचा डोंगर दिसे. आता समोरच्या इमारतीतील स्वयंपाकघरे दिसतात. मध्ये वेळूचा पडदा उभारावा, असे आम्ही ठरविले.

पण वेळू कोणता? आमचे चिरंजीव अमेरिकेत सिॲटलला असतात. त्यांनी तत्परतेने काटक जातींची एक यादी पाठविली. बर्फातही तग धरणाऱ्या त्या जाती! आम्हांस हसू आले. नेरूळला बर्फ कुठला? इथे चार महिने शंभर इंच पाऊस कोसळतो, उरलेले आठ महिने बहुतेक कोरडे, आणि वर खाडीचा खारा वारा. काटकपणा कशापुढे, हे सांगितल्यावाचून त्या शब्दास अर्थ नाही.

मग आम्ही देशी जातींकडे वळलो. कळक भव्य, पण काटेरी. शिवाय चाळीस-पन्नास वर्षांनी एकदा फुलतो आणि फुलला की अवघे बेट वाळून जाते. पिवळा वेळू देखणा, पण चाळीस-पन्नास फूट वाढणारा. अखेर आमचा कुडाळकडचा माळी म्हणाला, "सर, माणगो लावा. आमच्याकडे बांधाबांधार असता." माणग्यास काटे नाहीत, त्याची काठी जवळजवळ भरीव, आणि उंची बेताची. "अहो, तिरडीचे सामान दारात कशाला?" असे घरातून विचारणे झाले. "मांडवालाही हेच लागते," असे म्हणून आम्ही वेळ निभावली.

पाणी साचू नये म्हणून मातीचा उंचवटा करून, भिंतीपासून चार फुटांवर, जूनमध्ये दोन कंद लावले. तेव्हाच दोन्ही मुलखांतील वेळूंचा भेद ध्यानी आला. थंड मुलखातले वेळू बहुधा धावरे. त्यांचे कंद जमिनीखालून पळत जातात आणि नवा कोंब दूर, प्रसंगी शेजाऱ्याच्या अंगणात, वर येतो. उष्ण मुलखातले बहुधा बेट करून राहतात. त्यांचा कोंब जुन्या काठीस बिलगूनच उगवतो. यात दोष कुणाचाच नाही. ज्याची त्याची जात! संस्कृतात वेळूस वंश म्हणतात आणि कुळासही वंशच म्हणतात, हे इतकी वर्षे वर्गात सांगत आलो. अर्थ मात्र त्या उंचवट्यापाशी उभे असताना कळला.

पुढल्या पावसाळ्यात पहिला कोंब आला. त्याचे छायाचित्र चिरंजिवांना धाडले. उत्तर आले, "बाबा, हा इतका जवळ कसा आला? आमचे तर कुंपणापलीकडे जातात."

"त्याची जात तशी आहे," असे आम्ही लिहिले. पत्नीने ते वाचले आणि म्हणाली, "हे खोडा."

आम्ही खोडले, आणि लिहिले, "यंदा पाऊस चांगला आहे."