भाटघरची वाट

गेल्या वैशाखांत आम्ही सहकुटुंब भाटघर पाहून आलों. कापूरहोळास सातारा रस्ता सोडून भोरच्या वाटेस लागलें, कीं भोरनजीक वेळवंडी नदीवरील धरणाची लांबलचक दगडी भिंत दृष्टीस पडते. इ. स. १९२७ च्या सुमारास पुरें झालेलें हें लॉईड धरण सुमारें २३.५ अब्ज घनफूट पाणी सांठवितें. नीरेच्या कालव्यांनीं तें बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातें आणि तेथें ऊंस डोलतो.

उन्हाळ्यांत जलाशय आटला म्हणजे एरवीं बुडालेलें कांबरेश्वराचें देऊळ वर येतें. त्याचें दर्शन घेऊन आम्ही कांठावर टेकलों. पैलतीरींच्या चुलींचा धूर दिसत होता. पण तेथें जावयाचें तर साऱ्या पाण्यास वळसा.

त्याच कांठच्या एका गांवीं आमचा जुना विद्यार्थी राहतो. दुपारचें जेवण त्याच्याकडे झालें. "मुलगी पदवीधर होऊन घरींच बसली आहे, गुरुजी," असें तो म्हणाला, तेव्हां जन्माच्या संवयीनें आम्हीं उद्योगशीलतेवर उपदेश आरंभिला. मुलगी ताटें उचलतां उचलतां शांतपणें म्हणाली, "आजोबा, शिरवळच्या एका कारखान्यांत सात महिने काम केलें. काम आठ तासांचें, जाणें-येणें पांच तासांचें. निघायचें अंधारांत, परतायचें अंधारांत. काम जड नव्हतें. वाट जड झाली."

आम्ही ओशाळलों. कामाची जागा व राहण्याची जागा यांतील अंतरानेंही माणूस बेकार राहतो, असें जॉन केन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९६८ सालीं मांडलें. त्याचें निरीक्षण शिकागो व डेट्रॉइट येथील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांविषयीं होतें. वेळवंडीच्या कांठीं तें आम्हांस तंतोतंत पटलें. भोरास आगगाडी नाहीं. मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत स्त्रियांस निम्मेंच भाडें पडतें. खर्चाचा भार हलका झाला, हें चांगलेंच. पण दिवसाचे तास त्यानें वाढले नाहींत.

परततांना पुन्हां ती भिंत दिसली. दूरच्या शेतापर्यंत पाण्यास नीट उतार मिळावा म्हणून इंजिनियरांनीं इंचाइंचाचा हिशेब केला. त्याच पाण्यानें ज्यांची वाट लांबविली, त्यांच्या तासांचाही हिशेब कोणीं तरी मांडावयास हवा. वाचकहो, आप्तेष्टांकडे तरुण मुलगा किंवा मुलगी घरीं बसलेली दिसली, तर उपदेशापूर्वीं एवढें विचारावें: काम घरापासून किती तासांवर आहे?