आमचे बसऱ्याचे सुभेदार

मराठी माणसाचा पूर्वज साधा असूच शकत नाही. तो एक तर पानिपतावर पडलेला असतो, नाहीतर पानिपतावरून परत आलेला असतो. घराघरांतून सांगितल्या जाणाऱ्या हकिगती एकत्र केल्या, तर १७६१ साली त्या मैदानावर अब्दालीच्या माणसांना उभं राहायलाही जागा उरली नसती. नांगर धरणारा, तागडी धरणारा, कुणाच्या तरी बैलगाडीमागून धूळ खात चालणारा असा पूर्वज कुणाच्याच घराण्यात नाही. मग त्या काळी शेती करत होतं तरी कोण, असा प्रश्न माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या माणसाला पडतो.

आमचं घराणं पानिपतापर्यंत पोचलं नाही. आमच्या वाट्याला पहिलं महायुद्ध आलं. आमचे पणजोबा बसऱ्याला गेले, तिथे सुभेदार झाले आणि त्यांनी बगदाद घेतलं. बगदाद ११ मार्च १९१७ रोजी जनरल मॉड यांच्या फौजेने घेतलं असं इतिहासात लिहिलं आहे. पण मॉडसाहेब नुसते पाठीमागे उभे होते, असं आमचे थोरले काका सांगतात. पुरावा म्हणजे पणजोबांचं सोन्याचं पदक. बाकीच्यांना चांदीची पदकं मिळाली, पणजोबांना सोन्याचं. त्या अर्थी ते बाकीच्यांहून मोठे. आणि आपल्या माणसाची धाव त्या काळी सुभेदारीच्या आसपासच संपत असे. त्या अर्थी ते सुभेदार. भूमितीच्या पुस्तकातसुद्धा इतकी चोख सिद्धता मी पाहिलेली नाही.

ही सिद्धता तपासण्याची पाळी माझ्यावर आली ती गावच्या पाटीमुळे. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. अशा पाट्या पुष्कळ गावांत आहेत. युद्धानंतर सरकारने त्या बसवल्या. मजकूर एकाच साच्याचा: या गावातून महायुद्धावर इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आमच्या पाटीवरचे आकडे २७ आणि ३. नाव एकाचंही नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर रक्कम जमा आहे, खातेदार गायब.

आमच्याच जिल्ह्यात अपशिंगे आहे. त्याला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. तेव्हा आपल्या गावानेही मागे का राहावं, म्हणून ग्रामस्थांनी ठरवलं की जुन्या पाटीशेजारी नवी पाटी लावायची आणि तीवर सत्तावीसही जणांची नावं हुद्द्यासकट कोरायची. घरोघर फॉर्म वाटले. छाननीला कुणीतरी हिशेबी माणूस हवा होता. गावचा एक जण बँकेत आहे हे कुणाला तरी आठवलं. लग्नात अहेराची वही आणि गावात वर्गणीची पावती या दोन गोष्टी माझ्याकडे येतातच. आता महायुद्धही आलं.

फॉर्म आले एकसष्ट.

मी दोनदा मोजले. सत्तावीस माणसं गेलेल्या गावातून एकसष्ट माणसं गेली होती. त्यांतले बावीस सुभेदार होते. साडेसातशे माणसांच्या पलटणीत सुभेदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असत. आमच्या एका गावाने तीन पलटणी पुरतील एवढे सुभेदार पुरवले होते. हवालदार नऊ, नाईक चार. साधा शिपाई फक्त एक, आणि त्याचा फॉर्म त्याच्या भाऊबंदांनी भरला होता.

काऊंटरवर वीस वर्षं बसलेल्या माणसाला असा न जुळणारा ताळा झोपू देत नाही. मी सुरुवात आमच्या घरापासून केली. एका कचेरीला पत्र लिहिलं की पणजोबांची नोकरीची माहिती मिळावी. उत्तर आलं, ‘त्यांचा लष्करी क्रमांक कळवावा.’ मी लिहिलं, तो क्रमांकच तर आपल्याकडून हवा आहे. उत्तर आलं, ‘क्रमांकाशिवाय शोध घेता येत नाही.’ मला राग आला नाही, उलट घरी आल्यासारखं वाटलं. अकाउंट नंबर विसरलेल्या पेन्शनरांना हेच वाक्य मी दर महिन्याच्या एक तारखेला ऐकवत असतो.

मग कॉम्प्युटरवर बसलो. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग नावाची संस्था १९१७ पासून युद्धात पडलेल्यांची नोंद ठेवते आणि ती नोंद कुणालाही घरबसल्या पाहता येते. मात्र तिथे नाव यायला माणूस युद्धात मरावा लागतो. आमचे पणजोबा जिवंत परत आले. संशोधनाच्या दृष्टीने ही मोठी गैरसोय आहे. पण ते तसे आले नसते तर संशोधक जन्मालाच आला नसता, म्हणून मी तक्रार केली नाही.

तिथेच मला आमच्या चावडीतल्या पाटीचा थोरला भाऊ भेटला. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि जिथे पुरलं तेही ठाऊक नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांचं स्मारक बसऱ्याला आहे. साहेबांची नावं त्यावर कोरली; हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली; पण साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचं नाव आणि पुढे नुसता आकडा. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते सगळं स्मारक उचलून बसऱ्यापासून बत्तीस किलोमीटरवर नेऊन ठेवलं. आकडे तेही प्रवास करून गेले, नावं मात्र आली नाहीत. अशा वागणुकीबद्दल त्या आयोगाने २०२१ साली जाहीर माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, चूक दुरुस्तीचं व्हाउचर पडलं.

शेवटी उरलं पदक. ते गावी थोरल्या आत्याच्या देव्हाऱ्यात. आत्या चौऱ्याऐंशीची आहे. पणजोबा म्हणजे तिचे आजोबा. तिने त्यांना पाहिलेलं आहे. पदकाच्या एका बाजूला घोड्यावर बसलेला पुरुष आहे, त्यामुळे आत्याच्या लेखी तो खंडोबा. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू आणि एरवी रोज एक फूल. तो घोडेस्वार इंग्रजांचा सेंट जॉर्ज आहे आणि घोड्याच्या टापेखाली जर्मन गरुडाची ढाल आहे, हे मी वाचलं होतं. पण देव्हाऱ्यासमोर उभं राहून हे बोलण्याचं धैर्य मला झालं नाही. इतकी वर्षं नवसाला पावलेल्या देवाचं नाव आयत्या वेळी कशाला बदला?

या पदकांचं एक वैशिष्ट्य असं की त्यांच्या कडेवर मालकाचा नंबर, नाव आणि तुकडी बारीक अक्षरांत कोरलेली असते. आमच्या पदकाच्या कडेवर सत्तर वर्षांचं कुंकू बसलं होतं. आत्याच्या परवानगीने मी चिंच लावून कड घासली. आधी नंबर निघाला. मग पणजोबांचं पाळण्यातलं नाव, इंग्रजीत, जसं साहेबाला ऐकू आलं तसं. आणि मग दोन शब्द: लेबर कोअर.

सोन्याचा उलगडाही तिथेच झाला. त्या युद्धाचं हे पदक लढणाऱ्याला चांदीचं मिळे. ओझी वाहणाऱ्या, रस्ते खोदणाऱ्या मजूर तुकड्यांसाठी तेच पदक ब्राँझचं काढलं होतं. ब्राँझ घासलं की पिवळं दिसतं. चांदीपेक्षा कमी म्हणून दिलेली वस्तू आमच्या घराने चांदीपेक्षा जास्त समजून शंभर वर्षं पुजली होती.

थोरल्या काकांना फोन केला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मजूर? आपल्यात?” मी त्यांना सांगितलं की असे बिनलढाऊ लोक हिंदुस्थानातून साडेपाच लाखांच्या आसपास गेले होते, भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी, हमाल. एवढंच नव्हे, १९१६ पासून तुरुंगांतल्या कैद्यांच्याही मजूर तुकड्या करून बसऱ्याला धाडल्या होत्या. हे शेवटचं सांगायला नको होतं की काय कोण जाणे, कारण काका एकदम म्हणाले, “बरं बरं, मजूरच लिही. त्याच्या पुढं खणू नकोस.”

पण मी खणलं. माणूस मजूर होता इतकंच कळून भागत नाही; त्याने काय केलं ते कळायला हवं. एप्रिल १९१६ मध्ये कूत इथे इंग्रजांची तेरा हजारांच्या आसपास फौज तुर्कांना शरण गेली. त्यांत आपल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींची माणसं होती. ती हरली ती तलवारीने नव्हे, भुकेने. बसऱ्याला धड बंदर नव्हतं, धक्का नव्हता. माल भरलेली जहाजं नदीत आठवडेच्या आठवडे ताटकळत उभी आणि वर कूतमध्ये माणसं घोड्याचं मांस खाताहेत, असा तो कारभार. मग शहाणपण आलं. मजूर आणले, धक्के बांधले, रूळ टाकले, बांध घातले, पोती उतरवली. आणि पुढल्याच मार्चात बगदाद पडलं.

म्हणजे काकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बगदाद आमच्या पणजोबांनी घेतलं होतं. पोत्यापोत्याने घेतलं होतं.

प्रश्न आत्याचा होता. तिने पन्नास वर्षं सासरी ‘सुभेदाराची नात’ म्हणून मान घेतला होता. तिला सांगायचं कोणी? काकांना त्या दिवसापासून सर्दी झाली होती. मीच गेलो. पदक हातात घेऊन कडेवरची अक्षरं वाचून दाखवली आणि त्यांचा अर्थ सांगितला.

आत्याने पदक पदराने पुसलं.

“म्हंजी पोती उचलायचं काय?”

“हो, आत्या.”

“मला ठावं हाय,” ती म्हणाली. “तात्याच्या खांद्यावर गट्टं हुतं. आमी पोरं इचारायचो, ह्ये काय? तर म्हनायचं, बंदुकीचं. आरं, गट्टं दोनी खांद्यांवर हुतं. दोन बंदुका कोन घेतंय? मी जल्मभर शेतातली पोती उचलल्याती. मला काय कळत न्हाई व्हय?”

“मग कधी बोलली नाहीस?”

“म्हातारा सांगत हुता बंदुकीचं. त्येला खोटं कशापायी पाडायचं?” तिने पदक पुन्हा देव्हाऱ्यात ठेवलं. “आता त्यो न्हाई. आता लिव्ह खरं.”

फॉर्ममधल्या ‘हुद्दा’ या रकान्यातलं ‘सुभेदार’ मी खोडलं, वर ‘हमाल, लेबर कोअर, बसरा’ असं लिहिलं आणि खाडाखोडीशेजारी सही केली. नोकरीची सवय.

गावात बातमी पसरायला फोन लागत नाही. आठ दिवसांत एक गृहस्थ आले आणि त्यांनी आपला फॉर्म जरा परत मागितला. त्यांचे सुभेदार खेचरं हाकत होते. मग आणखी एक आले. त्यांचे सुभेदार भिस्ती निघाले. एका हवालदारांनी चार वर्षं पलटणीच्या भाकऱ्या भाजल्या होत्या. सांगताना आधी मान खाली असे, मग हळूहळू वर येई, आणि निघताना जो तो म्हणे, “पण साहेब, भाकरीशिवाय लढाई व्हते का?” काही जणांनी आपले पूर्वज मुळात गेलेच नव्हते, मुंबईला गिरणीत होते, असंही चहा पिता पिता कबूल केलं. सुभेदार बावीसावरून दोनावर आले. त्या दोघांकडे कागद आहेत.

तरीही अखेरची बेरीज चौतीस झाली. पाटीवर सत्तावीस, यादीत चौतीस. सात माणसं जादा. मजुरांना सरकारने तेव्हा ‘माणसे’ या सदरात मोजलं होतं की नाही, हे आता विचारायचं कुणाला? कमिटीपुढे मी हिशेब मांडला आणि ताळा जुळत नसल्याचं लेखी नोंदवलं. सरपंचबाई म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या बँकेत असं झालं तर काय करता?”

म्हटलं, “जादा रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो. खरा मालक सापडेपर्यंत.”

“इथं मालक सापडलेत की,” बाई म्हणाल्या. “कोरा चौतीस.”