कॅसेटवरचा राग

घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी. आम्हा सीमेवरच्या माणसांच्या संसाराचं हे असंच. लेक 'अ‍ॅबा'ची कॅसेट लावून इंग्रजी गाणी गुणगुणू लागली, तेव्हा मी चिडलो होतो. वाटलं, गेली ही आपल्या भाषेतून!

तिनंच मग मला त्यातल्या गायिकेची हकिकत ऐकवली. अग्नेथा फेल्ट्स्कोग १९५० साली स्वीडनमधल्या योन्शॉपिंग गावी जन्मली. १९६८ च्या जानेवारीत, वयाच्या सतराव्या वर्षी, तिचं पहिलंच गाणं तिथं अव्वल ठरलं. ते तिनं स्वतः रचलेलं होतं, स्वीडिशमध्ये. १९७४ साली ब्रायटनच्या युरोव्हिजन स्पर्धेत चौघांनी 'वॉटर्लू' गाऊन बाजी मारली ती मात्र इंग्रजीत. जग मुठीत आलं. तरी पुढच्याच वर्षी तिनं एकटीच्या नावानं स्वीडिश गाण्यांची तबकडी काढली. बहुतेक चाली तिच्याच.

मी काही बोललो नाही. कॅसेट तेवढी कपाटातून काढून लेकीला परत दिली.

लेक आता दूर देशी असते. फोनवर कधी मागून नातवाला निजवताना तिची गुणगुण कानी येते. शब्द मराठी असतात. मी फोन लगेच ठेवत नाही.