वेगळे ताट

इतिहास शिकवताना एक गोष्ट आम्हांस वारंवार जाणवत आली आहे. रोगाचे भय दाटले की समाज प्रथम माणसाकडे बोट दाखवतो. हा कोणाचा, कोणत्या घरचा, याला कुठे बसवायचे, हे प्रश्न आधी येतात. रोग कोणत्या वाटेने आला, हा प्रश्न मागे राहतो.

१९४२ हे साल पाहा. महायुद्ध सुरू होते. अमेरिकन रेडक्रॉसने कृष्णवर्णीयांचे रक्त स्वीकारण्यास मान्यता दिली, पण ते गोऱ्यांच्या रक्तापासून वेगळे ठेवण्याच्या अटीवर. रक्तद्रव साठवण्याच्या शास्त्रातील अग्रणी डॉ. चार्ल्स ड्र्यू हे स्वतः कृष्णवर्णीय होते. वर्णाने रक्तात भेद पडतो याला शास्त्राचा आधार नाही, हे ठाऊक असूनही ही प्रथा १९५० पर्यंत टिकली. त्याच १९४२ साली पीतज्वराच्या लशीत मिसळलेल्या मानवी रक्तद्रवातून सुमारे ५० हजार अमेरिकन सैनिकांना कावीळ झाली. ती 'हिपॅटायटिस बी' होती, हे पुढे सिद्ध झाले. पहारा कातडीच्या रंगावर होता. विषाणू सुईवाटे शिरला.

आपल्याला हे नवे नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर ते तळे 'शुद्ध' करण्यासाठी त्यात शेण आणि गोमूत्र ओतले गेले!

म्हणूनच काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आम्हांस विसरता येत नाही. वसतिगृहातील एका मुलाच्या घरी एचआयव्हीची बाधा असल्याची कुजबुज झाली आणि काही पालक आम्हांस भेटले. मुलाला काढून टाका, असे कोणी म्हणाले नाही; फक्त त्याचे ताट-पेला वेगळा ठेवा, एवढेच मागणे होते. बोलणारी माणसे आपलीच होती. लेकरांची त्यांची काळजीही खरी होती. परंतु ज्यांच्या आज्या-आजोबांनी वरून ओतलेले पाणी ओंजळीने प्यायले, त्यांच्याच मुखातून हे शब्द आले होते. आम्ही त्यांना बसवून घेतले आणि रोगाची वाट समजावून सांगितली. ताट वेगळे झाले नाही. एचआयव्हीबाधितांना आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्यांना शिक्षणात भेदभावापासून संरक्षण देणारा २०१७ चा कायदाही हेच सांगतो.

ती वाट अशी. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू बाधित रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि मातेकडून बाळाकडे जातात. एका पंगतीत जेवल्याने, गळाभेटीने, डास चावल्याने ते पसरत नाहीत. सावध राहायचे ते आधी वापरलेल्या सुईशी, दुसऱ्याच्या वस्तऱ्याशी, सामायिक ब्लेडशी. जत्रेत एकाच सुईने अनेकांच्या हातावर गोंदणारा आपल्या तरुणांच्या दंडावर 'जय भीम' कोरतो, तेव्हा सुई नवी आहे का, हे विचारण्याचे धैर्य हवे. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातही किमान सात दिवस तग धरतो. म्हणून सांडलेले रक्त कोणाचेही असो, हातमोजे घालून ब्लीचच्या द्रावणाने पुसावे. कचऱ्यात टाकलेली उघडी सुई अखेर सफाई कामगाराच्याच हातात रुतते. तो कामगार बहुधा कोणत्या वस्तीतला असतो, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

हिपॅटायटिस बीवर लस आहे. बाळाला ती जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळावी. देशभरातील बालकांच्या लसीकरणात ती यायला २०११ साल उजाडले, त्यामुळे आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना बालपणी ती मिळालेली नसेल. त्यांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो. एचआयव्हीवर लस नाही, पण नियमित औषधांनी दीर्घायुष्य लाभते.

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपले तरुण रक्तदान करतात, याचा आम्हांस अभिमान आहे. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, उपदंश आणि हिवताप यांसाठी तपासली जाते. तरीही अगदी नवी लागण काही काळ चाचणीत दिसत नाही. म्हणून रक्तदानापूर्वीच्या अर्जातील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर खरे द्यावे. ती पिशवी कोणाला चढणार, हे आपल्याला ठाऊक नसते. आणि ते ठाऊक नसतानाही देणे, हेच दान.

जय भीम! नमो बुद्धाय!